घुं करतोय, पण फिरत नाही

आमच्या मोटारहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टपावरचा एसी बिघडला तो दिवस माझ्या वहीत नोंदलेला आहे. आयुष्यभर हिशेब लिहिण्याची नोकरी केली, त्यामुळे गाडीचीही वही आहे. ऑइल कधी बदललं, टायरमध्ये हवा किती भरली, पाण्याची टाकी कधी धुतली, सगळं तारीखवार. त्या दिवसाची नोंद अशी: ‘दुपारी २.१०. आत ४१ अंश. एसी लावला. घुं आवाज. हवा नाही.’

घुं हा शब्द मी तेव्हा सहज लिहिला होता. पुढचे तीन दिवस मी जी काही धावपळ केली तिचं उत्तर त्या एका अक्षरात होतं, हे मला नंतर कळलं.

खरं तर वही नीट चाळली असती तर त्याआधीच कळायला हवं होतं. पंधरा दिवसांपूर्वीची एक ओळ आहे: ‘पंखा लोवर उठत नाही. हायवर टाकून मग लोवर आणला. चालला.’ त्यानंतर नोंद नाही, कारण ती आमची सवयच झाली. आधी हाय, तीनपर्यंत मोजायचं, मग लो. म्हातारी गाडी आहे, तिचे लाड असे करायचे, असं समजून आम्ही ते चालवून घेतलं. दोन आठवडे ती मोटार आम्हाला सांगत होती की सुरुवातीचा जोर कमी पडतोय, आणि आम्ही तिला जवळच्या मार्गाने गप्प करत होतो.

पहिल्या दिवशी मी केलं ते सगळं चुकीच्या टोकाकडून. थर्मोस्टॅट उघडला, त्याचे कनेक्शन पुन्हा दाबले. कंट्रोल बोर्डाला गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात, म्हणून तो छोटा पात्याचा फ्यूज काढून बघितला. शाबूत होता. एमसीबी पाडून पुन्हा वर केला. मग बोर्डच गेला असणार असं ठरवून नवा बोर्ड कुठे मिळेल ते शोधत बसले. बोर्ड ही जागा मला संशयाला फार सोयीची वाटते. आत काय चालतं ते दिसत नाही, त्यामुळे काहीही खपतं.

तेवढ्यात नवऱ्याने वेगळा प्रयोग केला. ‘नुसता पंखा चालत नसेल, कूलवर टाकून बघू,’ म्हणून त्याने नॉब फिरवला. कॉम्प्रेसर दणक्यात सुरू झाला. नवरा खूश. दोन-तीन मिनिटांनी वर ‘टक्’ असा आवाज आला आणि कॉम्प्रेसर गप्प. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा टक्. मी धावत येऊन बंद केला. टपावरच्या एसीत बहुतेक वेळा एकच मोटार असते, तिचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एका टोकाला आत गार हवा ढकलणारा ब्लोअर, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या गरम कॉइलवर हवा मारणारा पंखा. ती मोटार थांबली की दोन्ही थांबतात. मग कॉम्प्रेसरने खेचलेली उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही, दाब चढत जातो, आणि त्याचा ओव्हरलोड संरक्षक त्याला बंद करतो. ते ‘टक्’ म्हणजे त्याचा जीव वाचल्याचा आवाज. पंखा फिरत नसताना कूलवर टाकू नका. एवढं एक वाक्य मी चिकटपट्टीवर लिहून नॉबशेजारी लावलं आहे.

संध्याकाळी दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ. मोटारी रिवाइंड करण्यात त्याचं आयुष्य गेलं. फोनवर हकिगत ऐकायला तो कधीच तयार नसतो.

‘तू बोलू नकोस. फोन त्या जाळीला लाव आणि पंखा चालू कर.’

लावला. पाच सेकंद.

‘बंद कर, बंद कर. कंडेन्सर गेलाय.’

‘अरे, कंडेन्सर कसा जाईल? कॉइल तर मी गेल्याच महिन्यात ब्रशने साफ केली.’

पलीकडे शांतता. मग तो हसला. आपल्याकडे पंख्याच्या कपॅसिटरला सगळे कंडेन्सर म्हणतात. छताचा पंखा हळू फिरायला लागला की ‘कंडेन्सर बदला’. एसीमध्ये मात्र कंडेन्सर नावाचा दुसराच, चांगला मोठा भाग असतो: ती बाहेरची गरम कॉइल. एसीवाल्याशी बोलताना हा घोटाळा होऊ शकतो, आणि तो कॉइल धुऊन देऊन निघूनही जाऊ शकतो. या लेखात मी कपॅसिटरच म्हणणार आहे.

‘दादा, पण मोटार जळली असेल तर?’

‘जळलेली बहुतेक गप्प बसते, नाहीतर वास येतो. तुझी बोलतेय. बोलतेय म्हणजे वीज पोचतेय. आता दोनच गोष्टी: एक तर तिला पहिला धक्का मिळत नाहीये, नाहीतर ती जाम आहे. उद्या टपावर चढ आणि हाताने फिरवून बघ. आणि घुं करताना तिला तशीच ठेवू नकोस, त्यानेच जळेल.’

म्हणजे फ्यूज, थर्मोस्टॅट, बोर्ड ही सगळी यादी त्या घुं आवाजाने पहिल्याच मिनिटाला बाद केली होती. मी मात्र दिवसभर तीच तपासत बसले.

सकाळी ऊन चढायच्या आत वर गेले. चढण्याआधी बाहेरून येणाऱ्या विजेचा प्लग काढला आणि वायरचं ते टोक सोबत टपावर नेलं. ‘मी लक्ष ठेवतो’ या वाक्यावर माझा विश्वास नाही, मांडीशी ठेवलेल्या प्लगवर आहे. जनरेटरची किल्ली खिशात, इन्व्हर्टर बंद. टपावर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेकले, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाचे चार स्क्रू होते. उन्हाने ते प्लॅस्टिक इतकं ठिसूळ झालेलं की चौथ्या स्क्रूशी एक कपचा उडालाच.

आत बाहेरचा पंखा समोरच होता. पातं बोटाने ढकललं. दीड फेरी झाली आणि थांबला. जाम नव्हता, पण मोकळाही नव्हता. ही गोष्ट मी तेव्हा मनात नोंदवली आणि लगेच विसरले.

मग दादाने सांगितलेली काठीची परीक्षा. प्लग खाली दिला, नवऱ्याला फक्त पंखा लावायला सांगितलं, केस बांधलेले, बाह्या वर, हातात फूटभर लांब सुकी लाकडी पट्टी. घुं सुरू झालं. पट्टीने पात्याला टिचकी मारली. पंखा जरा अडखळला, मग वेग घेतला, आणि गरगरू लागला! खालून नवरा ओरडला, ‘येतेय हवा!’

मी विजयी मुद्रेने खाली आले. जाळीखाली हात धरला. हवा येत होती, पण फुंकर मारल्यासारखी. कूलवर टाकलं. सहा-सात मिनिटांनी पुन्हा ते ‘टक्’.

इथे मी तासभर फसले. पंखा फिरतोय, आवाज बरोबर, कॉम्प्रेसर चालू होतोय, तरी ओव्हरलोड का? शेवटी पुन्हा वर चढले आणि वहीतला एक कागद फाडून बाहेरच्या कॉइलपाशी धरला. माझ्या मशीनमध्ये तिथून हवा बाहेर फेकली जाते, कागद फडफडायला हवा. तो कॉइलच्या पत्र्यांना चिकटून बसला. पंखा उलटा फिरत होता. मी टिचकी उलट्या बाजूने मारली होती आणि मोटारीने ती निमूटपणे मान्य केली होती.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग झालं की सिद्ध. कपॅसिटर चांगला असता तर तिने तुझं ऐकलंच नसतं.’

याचं कारण मला त्याने सायकलवरून समजावलं, तेच इथे सांगते. एका फेजवर, म्हणजे घरगुती विजेवर, चालणाऱ्या मोटारीत मुख्य वाइंडिंगचं (तारेच्या वेटोळ्याचं) चुंबकत्व जागच्या जागी कमी-जास्त होत राहतं, ते फिरत नाही. सायकलचं पेडल बरोबर माथ्यावर असताना त्यावर उभं राहिलात तरी चाक हलत नाही, तसं. जोर आहे, पण दिशा नाही. पेडल कणभर पुढे किंवा मागे सरकलं की तोच जोर कामाला येतो. मोटारीत हा कणभर सरकवण्याचा मान दुसऱ्या वाइंडिंगकडे असतो, आणि त्याच्या ओळीत कपॅसिटर लावलेला असतो. कपॅसिटर त्या वाइंडिंगमधल्या प्रवाहाला मुख्य प्रवाहापेक्षा साधारण पाव आवर्तन पुढे नेतो. दोन्ही मिळून चुंबकत्व फिरू लागतं, आणि तेही ठरलेल्या दिशेनेच. कपॅसिटर मेला की उरते ती माथ्यावर अडकलेली पेडल, आणि तुम्ही ज्या बाजूला ढकलाल ती तिची दिशा. आतला पिंजऱ्यासारखा ब्लोअर उलटा फिरला तरी थोडीफार हवा त्याच बाजूला टाकतो, म्हणून नवऱ्याला हवा लागली. बाहेरचा पात्यांचा पंखा मात्र उलटी हवा खेचू लागतो.

आता कपॅसिटर काढायचा होता. इथे घाई करणाऱ्याला हा डबा क्षमा करत नाही. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक असू शकतो. २३० व्होल्टच्या यंत्रात त्यावर ४५० व्होल्ट का लिहिलेलं असतं हा प्रश्न मला होता. वाइंडिंग आणि कपॅसिटर ओळीत असल्यामुळे कपॅसिटरवर येणारं व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा जास्त असतं, हे त्याचं उत्तर. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे लोक मी पाहिले आहेत. दादा त्यांना शिव्या घालतो. त्याची पद्धत म्हणजे २० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही पायांना वायर आणि चिमटे. तो टर्मिनलांना लावायचा आणि दहापर्यंत मोजायचं. माझ्या कपॅसिटरची क्षमता ३५ मायक्रोफॅरड (क्षमता मोजायचं एकक), तेवढ्याला खरं तर साडेतीन-चार सेकंद पुरतात. मी वीसपर्यंत मोजलं आणि मग मीटरने शून्य पाहिलं.

माझ्या एसीत एकाच डब्यात दोन कपॅसिटर आहेत: ३५ चा कॉम्प्रेसरसाठी, ७.५ चा पंख्यासाठी. वर तीन टर्मिनल: ‘सी’ म्हणजे दोघांचं सामाईक, ‘हर्म’ म्हणजे कॉम्प्रेसर, ‘फॅन’ म्हणजे पंखा. वायरी काढण्याआधी फोटो काढला, शिवाय प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून पेनाने नाव लिहिलं. मीटर कपॅसिटन्सवर ठेवला. सी आणि हर्म: ३३.९. चालेल, पाच टक्क्यांच्या आत आहे. सी आणि फॅन: मीटर जरा विचारात पडला आणि म्हणाला ०.८.

७.१ ते ७.९ हवं होतं. ०.८!

डबा वरून मात्र नवा कोरा दिसत होता. फुगलेला नाही, तेल गळलेलं नाही, टर्मिनल काळं पडलेलं नाही. फुगलेला डबा म्हणजे कपॅसिटर गेलाच, पण न फुगलेला म्हणजे चांगला असं काही नसतं. आतल्या प्लॅस्टिक फिल्मवर जिथे जिथे ठिणगी पडते तिथला धातूचा थर उडून जातो आणि ती जागा आपोआप बंद होते. कपॅसिटर त्यामुळे एकदम मरत नाही, झिजत जातो. आमचं हाय-मग-लो हे त्या झिजेच्याच काळातलं. आणि जागा कुठली, तर उन्हात तापणाऱ्या टपावर, झाकणाखाली, कॉम्प्रेसरच्या शेजारी. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, असा यातल्या लोकांचा ढोबळ हिशेब आहे.

तसाच नवा मिळायला दोन दिवस गेले. मायक्रोफॅरडचे आकडे तेच हवेत, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी नकोत. त्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घाम आला.

नवा बसवला, पंखा लावला. हायवर ताडकन उठला. लोवर टाकून बंद केला आणि पुन्हा थेट लोवर लावला. उठला, पण आळस देत. तेव्हा मला ती दीड फेरी आठवली.

आधीच्या पावसाळ्यात हाच पंखा कुरकुरत होता आणि मी त्याच्या दांड्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारला होता. कुरकुर थांबली होती. हे दादाला सांगायची हिंमत मला आत्ता झाली.

‘शाबास. त्याने होतं-नव्हतं ते तेल धुऊन काढलंस.’

‘पण आवाज बंद झाला होता.’

‘दोन दिवस. मग बुश, दांडा फिरतो ती नळी, कोरडा. कोरड्या बुशात मोटार जोर लावत राहिली.’

माझ्या मोटारीच्या दोन्ही टोकांना रबराची बारीक बुचं होती, ती मी इतकी वर्षं सजावट समजत होते. बुच काढून प्रत्येक बाजूला हलक्या मशीन ऑइलचे सहा-सात थेंब टाकले, हाताने पंखा फिरवत राहिले, दहा मिनिटं तसंच ठेवलं, पुन्हा दोन थेंब. नंतर पातं ढकललं तर साडेचार फेऱ्या झाल्या. वहीत तसं लिहिलंय: ‘आधी दीड, नंतर साडेचार.’ सगळ्या मोटारींना ही बुचं नसतात. नसतील आणि दांडा वर-खाली हलवल्यावर खडखडत असेल, तर मग मोटारच बदलायची.

घुं सुद्धा येत नसेल तर गोष्ट वेगळी, आणि मग माझी पहिल्या दिवशीची यादी कामाची. वीज येते का, १२ व्होल्टचा फ्यूज शाबूत आहे का, थर्मोस्टॅट हाक देतोय का, बोर्डावरचा रिले ‘टिक’ करतोय का, आणि मोटारीच्या वायरीपर्यंत व्होल्टेज पोचतंय का. पोचत असूनही मोटार गप्प असेल तर वीज बंद करून वाइंडिंगचे ओहम मोजायचे. कुठे काहीच वाचन येत नसेल तर वाइंडिंग तुटलंय, किंवा मोटार तापून तिचा आतला संरक्षक उघडलाय. म्हणून तासभर थंड होऊ देऊन पुन्हा मोजायचं, लगेच निकाल द्यायचा नाही. वाइंडिंग आणि मोटारीच्या अंगामध्ये ओहम दिसले तर मात्र प्रश्न संपला, ती मोटार पुन्हा लावायची नाही.

एक गोष्ट राहिली, कारण तिने मला पुढच्याच आठवड्यात परत घाबरवलं. नवा कपॅसिटर, तेल दिलेली मोटार, आणि एका दुपारी पंखा पुन्हा रेंगाळला. मीटर लावला तर सॉकेटमध्ये २०७ व्होल्ट. गाड्या लावायच्या त्या तळावर सगळ्यांचेच एसी चालू होते, आणि आमची लांब वायर अजून गुंडाळीतच होती. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: २३० चे २०७ झाले म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं, पण जोर ८१ टक्क्यांवर आला. वायर पूर्ण उलगडली, कारण गुंडाळलेली वायर तापते आणि तापली की आणखी व्होल्टेज खाते. मग तिच्याऐवजी जाड आणि आखूड वायर घेतली. २१८ झाले. पंखा सुरळीत उठला. स्वस्तातल्या, साइन वेव्ह नसलेल्या इन्व्हर्टरवरही ही मोटार असंच कण्हते आणि तापते. तिथे कपॅसिटर बदलून काही होत नाही.

झाकणाचा उडालेला कपचा मी आतून पट्टी देऊन चिकटवला. नव्या डब्यावर मार्करने तारीख लिहिली आणि मोजलेले आकडे: ३५.२ आणि ७.६. दर सहा महिन्यांनी मोजायचं असं वहीत लिहून ठेवलंय. ०.८ वाला जुना डबा खणात आहे. दादाला दाखवायचाय, त्याला विश्वास बसत नाहीये की एवढ्या कमीवर तो उलटा का होईना तासभर फिरला.

पंखा आता थेट लोवर उठतो. नवरा मात्र अजूनही आधी हायवर टाकतो, तीनपर्यंत मोजतो, आणि मग लोवर आणतो.